ग्रंथांचीं प्रच्छन्न कडचित्रें व त्यांचा कालनिर्णय

हस्तलिखितांच्या संग्राहकांस पुष्पिकेचें महत्त्व आम्हीं सांगावें असें नाहीं. पोथीच्या अखेरीस शक, संवत्सर, मास, तिथि व लेखकाचें नांव सांपडलें म्हणजे पोथी हातीं घेणारा निम्मा निश्चिंत होतो. परंतु त्याच पोथीच्या समासांत दुसऱ्या हातानें घातलेलीं टिपणें, किंवा मागाहून चिकटविलेलें एखादें पान, हीं पुष्पिकेच्या काळचीं नव्हेत, हेंहि त्यास ठाऊक असतें. हा साधा विवेक एका छापील पुस्तकाच्या बाबतींत आमच्या हातून सुटला. त्या चुकीपायीं एका स्नेह्यांस नुकसान सोसावें लागलें. आमच्या पूर्वीच्या टिपणांतील तें विधान मागें घेण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे. तथापि ज्या वस्तूसंबंधीं तें होतें ती आपल्याकडे फारशी परिचित नसल्यामुळें प्रथम तिचें स्वरूप सांगितलें पाहिजे.

शिवलेल्या पुस्तकास चार बाजू असतात. एक शिवणीची, म्हणजे पाठ. वरची व खालची अशा दोन. आणि चौथी, पानें जेथून उघडतात ती पुढील कड. या पुढील कडेस सोन्याचा वर्ख लावून ती घोटण्याची चाल युरोपांत जुनी आहे. कांहीं थोड्या पुस्तकांत या वर्खाखालीं एक चित्र दडलेलें असतें. पुस्तक मिटलेलें असतां कडेवर सोन्याखेरीज कांहींहि दिसत नाहीं. पण पानांचा गठ्ठा हलकेच एका बाजूस कलता केला, म्हणजे नदी, पूल, देवळाचा कळस, होड्या असें सबंध दृश्य डोळ्यांपुढें उभें राहतें, आणि पानें सोडतांच तें नाहींसें होतें. इंद्रजाल म्हणावें असाच हा प्रकार आहे, व तो प्रथम पाहणारा मनुष्य तें पुस्तक तीन-चार वेळां तरी उघडमीट केल्यावांचून राहत नाहीं. आम्हीहि राहिलों नाहीं.

यांतील युक्ति मात्र सोपी आहे. पत्त्यांचा जोड हातांत घेऊन तो तिरका सरकविला असतां प्रत्येक पत्त्याची एक बारीकशी पट्टी उघडी पडते. या सर्व पट्ट्या मिळून एक पृष्ठभाग होतो. पुस्तकाचीं पानें अशींच कलतीं करून शिकंज्यांत घट्ट आवळतात आणि त्या पृष्ठभागावर चित्र काढतात. म्हणजे चित्र पानांच्या धारेवर नसून प्रत्येक पानाच्या समासाच्या अगदीं टोंकाशीं, केंसाएवढ्या रुंदीच्या पट्टीवर, तुकड्यातुकड्यानें असतें. रंग पाण्याचे, पण कुंचल्यांत पाणी नांवापुरतें. नाहींतर ओल आंत झिरपून समास डागाळतात व पानें एकमेकांस चिकटतात. रंग सुकला कीं पुस्तक सरळ करून पुन्हां आवळतात, कड खरवडून गुळगुळीत करतात, तीस अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा हात देऊन वर्ख बसवितात आणि अकीकाच्या घोटणीनें घोटतात. सोनें धारेवर बसतें, चित्र समासावर राहतें; दोहोंची गांठ पडत नाहीं.

ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण आमची चूक तिच्यापाशींच घडली. चित्र समासावर असतें, म्हणूनच ज्या पुस्तकाची कड पूर्वींच सोनेरी केलेली आहे त्याच्यावरहि, सोन्यास धक्का न लावतां, शंभर वर्षांनीं कोणासहि चित्र काढतां येतें.

आपल्या पोथ्यांत हा प्रकार संभवत नाहीं. पोथीचीं पानें सुटीं, वरखालीं दोन फळ्या, वर रुमाल. त्यांस एका बाजूनें धरून ठेवणारी शिवणच नाहीं, तेव्हां तीं कलतीं करून चित्र जुळविणार कसें? एकदां पानें हाताळलीं कीं पट्ट्यांची ओळ मोडली. शिवलेल्या बाडांत तत्त्वतः तें शक्य होतें. परंतु आमच्या हाताखालून गेलेल्या बाडांत तसें एकहि आढळलें नाहीं. आपल्याकडील कारागिरानें आपली कला फळ्यांवर, पानांवर व रुमालाच्या कापडावर खर्च केली. कडेकडे लक्ष जावें असें पोथीचें घडणच नव्हे.

युरोपांत कडेकडे लक्ष गेलें याचें एक कारण पुस्तकें ठेवण्याची तेथील जुनी रीत हें होय. आज आपण पुस्तकाची पाठ बाहेर करून तें फळीवर उभें करतों. पण सोळाव्या शतकापर्यंत पुष्कळ ठिकाणीं पुस्तकें पुढील कड बाहेर करून ठेवीत, व नांवहि तिच्यावरच लिहीत. अर्थात् कड हाच पुस्तकाचा चेहरा झाला. उत्तर इटलींतील बेल्लुनो येथील पिल्लोने घराण्याच्या ग्रंथसंग्रहांतील कडा चेझारे वेचेल्यो या चित्रकारानें सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रंगविल्या. हा प्रसिद्ध टिशियनचा नातलग. त्यानें कडेवर ग्रंथकर्त्यांच्या व ग्रंथविषयांच्या आकृति काढल्या, पण त्या उघड आहेत. पुस्तक मिटलेलें असतांनाच त्या दिसतात. दडविण्याची कल्पना इंग्लंडांतली, व ती साधारणतः सतराव्या शतकाच्या मध्यावर दिसूं लागते. दुसऱ्या चार्ल्स राजाचा बांधणीकार सॅम्युएल मर्न याच्या नांवावर मोडणाऱ्या कांहीं पुस्तकांत सोन्याखालीं फुलांचीं व राजचिन्हांचीं चित्रें आहेत. राजाकडून पुस्तकें नेऊन परत न करणाऱ्या कोणा थोर घराण्यांतील बाईची चोरी उघडकीस आणण्यासाठीं राजानें ही गुप्त खूण करवून घेतली, अशी एक आख्यायिका सांगतात. तिला आधार कांहीं नाहीं. पण पुस्तकें उसनीं देणाऱ्या प्रत्येकास ती खरी असावीशी वाटेल यांत शंका नाहीं.

या कलेस खरा बहर आणला तो यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्स गांवच्या एडवर्ड्स कुटुंबानें. विल्यम एडवर्ड्स (१७२३–१८०८) हा तेथील पुस्तकविक्रेता व बांधणीकार. त्याच्या मुलांपैकीं जेम्स यानें लंडनांत पॉल मॉल येथें दुकान थाटलें आणि चर्मपत्र पारदर्शक करून त्याच्या आंतल्या बाजूस चित्र काढण्याच्या युक्तीचें सरकारी पेटंट १७८५ सालीं मिळविलें. विल्किन्सचें भगवद्गीतेचें इंग्रजी भाषांतर लंडनांत छापून निघालें तें याच वर्षीं, हें सहज आठवलें म्हणून नमूद करतों. हा जेम्स नुसता दुकानदार नव्हता. पंधराव्या शतकांतील 'बेडफर्ड अवर्स' हें सचित्र हस्तलिखित १७८६ सालच्या लिलांवांत त्यानें २१३ पौंड ३ शिलिंगांस घेतलें. तें आज ब्रिटिश लायब्ररींत आहे. दुसरा मुलगा रिचर्ड यानें यंग कवीचें 'नाइट थॉट्स' हें काव्य विल्यम ब्लेकच्या चित्रांसह १७९७ सालीं प्रसिद्ध केलें. सारें घरच पुस्तकवेडें होतें. पूर्वींच्या कडांवर कुलचिन्हें, फुलें, धार्मिक प्रसंग असत. एडवर्ड्सांच्या काळीं त्यांची जागा भूदृश्यांनीं घेतली. धनिकांच्या हवेल्या, पडके मठ, नद्यांवरील पूल व शहरांचे देखावे, आरंभीं एका रंगांत व मग अनेक रंगांत, हे त्यांच्या गिऱ्हाइकांच्या आवडीचे विषय होते. त्यांचें पाहून इतरांनींहि हा उद्योग आरंभिला. पुढें या कलेचे नाना प्रकार निघाले. पानें एका बाजूस कलविलीं तर एक चित्र व उलट बाजूस कलविलीं तर दुसरें; पुस्तक मधोमध उघडून दोन्ही अर्धांवर दोन चित्रें; तिन्ही कडांवर सलग देखावा; असे कितीतरी.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. या चित्रांवर चित्रकाराचें नांव व साल बहुधा नसतें. मग पाहणारा काय करतो? पुस्तक उघडून मुखपृष्ठावरील साल वाचतो आणि तेंच चित्रास लावून मोकळा होतो. विक्रेते तर यास आनंदानें साह्य करतात. कारण जुन्या चित्रास किंमत अधिक. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जुनीं सोनेरी कडेचीं पुस्तकें स्वस्तांत घेऊन त्यांवर नवीं चित्रें काढविण्याचा उद्योगच लंडनांत चालला होता. त्यांतील सर्वच लबाडी होती असें मात्र नव्हे. सोदेरन या प्रसिद्ध पुस्तकविक्रेत्यांसाठीं काम करणाऱ्या मिस् करी या चित्रकर्तीनें आपल्या कडचित्रांवर नांव व अनुक्रमांक घातले. तिचें काम विसाव्या शतकांतलें आहे हें म्हणूनच निर्विवाद कळतें. जॉन टी. बीअर नांवाचा एक इंग्रज संग्राहक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्या संग्रहांतील जुन्या पुस्तकांच्या कडा हौसेनें स्वतःच रंगवीत असे. जें नांवानिशीं आहे तें शोधकाची फसवणूक करीत नाहीं. फसवणूक होते ती मौन धरणाऱ्या शेंकडों चित्रांकडून.

अमेरिकेंतील कोल्बी कॉलेजचे कार्ल वेबर यांनीं या विषयावरील पहिला मोठा ग्रंथ १९४९ सालीं प्रसिद्ध केला व १९६६ सालीं तो सुधारून पुन्हां काढला. त्यांचे नातू जेफ वेबर यांनीं २०१० सालीं चित्रकार व बांधणीकार यांचा एक कोशच तयार केला. त्यांत मिस् करीच्या कामाची यादी आहे. हे दोन्ही ग्रंथ आम्हीं चूक केल्यानंतर पाहिले. आधीं पाहिले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ न येती.

प्रसंग असा. आमच्या एका स्नेह्यांच्या वडिलोपार्जित कपाटांत स्कॉट कवीच्या 'लेडी ऑफ द लेक' या काव्याची एक प्रत आहे. छपाई एडिंबरोची, साल १८१०. बांधणी तांबड्या कातड्याची, कडा सोनेरी, आणि कोऱ्या पानावर शाईनें एका इंग्रज गृहस्थाचें नांव व १८११ हा आंकडा. एका पावसाळ्यांत कपाट झाडतांना त्यांच्या नातीच्या हातून पानें कलतीं झालीं व कडेवर नदी उमटली. आम्हांस बोलावणें आलें. आम्हीं पुस्तक पाहिलें, हरखलों, आणि पुढील सभेंत एक टिपण वाचलें. त्यांत 'चित्र पुस्तकाच्या काळचें, म्हणजे सुमारें १८१० चें असून, पहिल्या धन्यानेंच तें काढवून घेतलें असावें' असें विधान आम्हीं केलें. आधार काय? मुखपृष्ठावरील साल व पानावरील आंकडा. चित्रांत काय आहे याचें वर्णन आम्हीं पुष्कळ केलें. पण चित्रांत जें आहे त्यास प्रश्न एकहि विचारला नाहीं.

प्रश्न विचारला तो सभेंतील एका तरुण विद्यार्थ्यानें. चित्रांत टेम्स नदी, डावीकडे उंच मनोरा, मध्यें पूल. त्यानें विचारलें, "पुलाच्या कमानी किती?" आम्हीं भिंगानें मोजल्या, सात भरल्या, व पुलास हिरवट रंगाची छटा होती. वेस्टमिन्स्टरचा जुना दगडी पूल १७५० सालीं खुला झाला, त्याच्या कमानी याहून पुष्कळ अधिक. आज उभा असलेला सात कमानींचा लोखंडी पूल १८६२ सालचा आहे. डावीकडील मनोरा तर घड्याळाचा. पार्लमेंटची जुनी इमारत १८३४ सालच्या आगींत जळाल्यावर जी नवी बांधली तिचा तो भाग, व त्यांतील घड्याळ १८५९ सालीं सुरू झालें. १८११ सालीं सही करणाऱ्या त्या गृहस्थानें हें चित्र काढवून घेतलें असेल तर तो त्रिकालज्ञ असला पाहिजे. सभेंत हंशा झाला. तो योग्यच होता.

कालिदासाच्या कालनिर्णयाची चर्चा ज्यांनीं शिकविली आहे त्यांनीं तरी अशी चूक करावयास नको होती. ऐहोळेच्या शके ५५६ च्या शिलालेखांत कालिदासाचें नांव येतें, म्हणून तो त्यानंतरचा नव्हे. ही झाली उत्तरमर्यादा. सात कमानींच्या पुलावरून मिळते ती पूर्वमर्यादा: चित्र १८६२ च्या आधींचें नव्हे. किती नंतरचें, हें पुलावरून कळणार नाहीं. येथें दुसराहि एक सांपळा आहे. चित्रांत केवळ जुन्याच वस्तु आहेत एवढ्यावरून चित्र जुनें ठरत नाहीं. कारण चित्रकार पुष्कळदां जुन्या छापील चित्रावरून नक्कल करीत. डॅनियल काका-पुतण्यांच्या 'ओरिएंटल सीनरी' या १७९५ ते १८०८ मध्यें निघालेल्या संग्रहांत हिंदुस्थानचीं १४४ दृश्यें आहेत. त्यांतील एखादें कोणीं १९३० सालीं कडेवर उतरविलें, तर चित्रांतील हिंदुस्थान अठराव्या शतकांतला व रंग विसाव्या शतकांतला, अशी स्थिति होईल. नवी वस्तु चित्राचें जुनेपण खोडून काढते. जुनी वस्तु कांहींच सिद्ध करीत नाहीं.

बांधणीहि एक पूर्वमर्यादा देते, व तिच्याकडे संग्राहकांचें लक्ष क्वचितच जातें. चित्र समासाच्या टोंकाशीं केंसाएवढ्या पट्टीवर असल्यामुळें पुस्तक पुन्हां बांधतांना कारागिरानें कडेची बारीक कापणी केली, तरी चित्र नष्ट होतें. तेव्हां जें चित्र शाबूत आहे तें शेवटच्या कापणीनंतरचें होय. जुन्या पुस्तकाची बांधणी १८८० ची असेल आणि कड तेव्हां कापलेली असेल, तर चित्रास त्यामागें नेतां येत नाहीं, मग मुखपृष्ठ कांहींहि सांगो.

उत्तरमर्यादा आम्हांस अनपेक्षित ठिकाणीं मिळाली. स्नेह्यांच्या आजोबांची खर्चाची वही घरांत होती. तींत १९३४ सालच्या एका नोंदींत, मुंबईस जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हें काव्य घेतल्याचें, आणि 'सोनेरी कडेचें, आंत चित्र' असें मोडींत स्पष्ट लिहिलें आहे. म्हणजे आजोबांस चित्र ठाऊक होतें. पुढील दोन पिढ्या विसरल्या. तेव्हां चित्राचा काळ १८६२ ते १९३४ यांच्या दरम्यान. यापेक्षां अधिक नेमकें विधान करण्यास सध्यां साधन नाहीं, आणि साधनावांचून विधान करण्याचा आमचा हौस आतां फिटला आहे.

ही केवळ विद्वत्तेची हारजीत असती तर एवढें लिहिलें नसतें. मध्यंतरीं आमच्या टिपणाची प्रत दाखवून स्नेह्यांनीं पुस्तक विकण्याचें ठरविलें होतें. वाड्याचें छप्पर शाकारावयाचें होतें व घेणाऱ्यानें बरी रक्कम कबूल केली होती. विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही त्यांच्याकडे गेलों व सर्व सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें, आजोबांची वही काढली ती त्याच वेळीं, आणि घेणाऱ्यास स्वतःच्या हातानें पत्र लिहून आमची दुरुस्ती कळविली. देऊं केलेली रक्कम निम्म्याहूनहि खालीं आली. त्यांनीं पुस्तक दिलें नाहीं. "गुरुजी, आजोबांनीं चित्र पाहून घेतलें होतें, साल पाहून नव्हे," एवढेंच ते म्हणाले. छप्पर त्या वर्षीं तसेंच राहिलें. त्यांनीं शब्दानेंहि दोष दिला नाहीं, हें आम्हांस अधिक जड गेलें.

आणखी एक कबुली द्यावयाची आहे. सभेंत ज्यांनीं ज्यांनीं मागितलें त्या सर्वांस आम्हीं तें चित्र पानें कलवून दाखविलें. संध्याकाळपर्यंत तीस-चाळीस वेळां तरी झालें असेल. दोनशें वर्षांच्या कातड्यास हें सोसत नाहीं. पुढच्या पुठ्ठ्याचा सांधा वरून बोटभर फाटला आणि पहिल्या जुडीची शिवण सैल झाली. कडचित्र दाखविणें म्हणजे प्रत्येक वेळीं शिवणीस ताण देणें होय. शिवाय पाने एकमेकांवर घासून रंग उडतो तो निराळाच. ज्यांच्याकडे असें पुस्तक असेल त्यांनीं पुठ्ठे मोकळे ठेवून केवळ पानांचा गठ्ठा दोन्ही हातांनीं धरावा, शक्य तितका कमी कलवावा, एकदांच चांगला फोटो काढून घ्यावा आणि पुढें पाहुण्यांस तो फोटोच दाखवावा. कोंकणच्या किंवा मुंबईच्या दमट हवेंत तर पावसाळ्याचे चार महिने पुस्तकास हात लावूं नये. ओलसर पानें कलविलीं तर पाण्याचा रंग सुटतो.

परदेशांत या पुस्तकांचे मोठे संग्रह सार्वजनिक झाले आहेत. अमेरिकेंत व्हर्जिनियांतील विल्यम अँड मेरी कॉलेजच्या ग्रंथालयांत राल्फ वार्क यांच्या संग्रहांतील ७०९ पुस्तकें आहेत. बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयास अल्बर्ट विगिन यांच्याकडून आलेलीं अडीचशेंहून अधिक आहेत व त्यांचीं चित्रें कोणासहि पाहतां येतात. इंग्लंडांत मार्टिन फ्रॉस्ट यांच्यासारख्या एखाद्दुसऱ्या व्यावसायिक कारागिरानें ही कला आजवर चालू ठेविली असून, नामशेष होण्याच्या बेतांत असलेल्या कारागिऱ्यांच्या यादींत तेथें तिची गणना झाली आहे.

आपल्याकडे जुन्या संस्थानी ग्रंथालयांत, वकिलांच्या व शाळामास्तरांच्या घरच्या कपाटांत, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील सोनेरी कडेचीं इंग्रजी काव्यें, प्रवासवर्णनें व प्रार्थनापुस्तकें अजून पुष्कळ आहेत. सूचि करणारे मुखपृष्ठ उतरून घेतात व पुस्तक फळीवर ठेवतात. त्यांनीं कड एकदां, अगदीं हलक्या हातानें, पाहावी. चित्र आढळल्यास छपाईचें साल, बांधणीचा काळ, कड कापलेली आहे कीं नाहीं, चित्रांतील प्रत्येक इमारत व पूल, आणि पुस्तक घरांत केव्हां व कोठून आलें याची घरच्या कागदपत्रांत असलेली नोंद, हीं निरनिराळीं टिपून आमच्याकडे पाठवावीं. वर सांगितलेली प्रत सध्यां तिच्या धन्याकडेच, सुती फडक्यांत आडवी ठेविलेली आहे. पुठ्ठ्याचा सांधा आमच्या खर्चानें दुरुस्त करून घेण्याचें ठरलें असून, त्या कारागिरास कडेस सुरी न लावण्याविषयीं लेखी बजाविलें आहे.